कोठीतली कवायत

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी मला पहिलाच प्रश्न केला, "बाई, तुमचं घड्याळ चावीचं हाय का सेलवरचं?"

बदल्यांच्या नोकरीत मी बरेच घरमालक बघितलेत. माणसं किती, मटण शिजवता का, पावणेरावळे किती, मिस्टर कुठं असतात, हे सगळेच विचारतात. घड्याळाची चौकशी करणारा हा पहिलाच. मी म्हणाले, सेलवरचं. त्यांनी च्यक् केलं आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "ह्यांचं बी गेलं समज."

"अजून राहायला आल्या न्हाईत तवर घालवलं व्हय त्यांचं घड्याळ?" त्यांच्या मिसेस, काकू, आतून म्हणाल्या. "बाई, तुमी खोली बगा. ह्यांचं आयकू नका."

खोली चांगली होती. खिडकीला जाळी, दारात आड, आणि परसात मोठा लिंब. एकच खोट होती. नळदुर्गातून जाणारा हायवे घरापासून हाकेवर, आणि ट्रकांची घरघर अष्टौप्रहर चालू. मी तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, "उलट चांगलं हाय. तो आवाज चालू हाय तवर निवांत झोपायचं. तो थांबला की उठून बसायचं." मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पुढं कळलं की सर गंमत कधीच करत नसत.

सर जळकोटच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले होते. रिटायर झाले ते शाळेच्या कागदावर. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी, हा वेश त्यांनी सोडला नव्हता. भाजी आणायला जाताना शिट्टी, लग्नाला जाताना शिट्टी. आंघोळीलासुद्धा ते ती काढत नाहीत असं काकू सांगायच्या, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. गावातली पोरं त्यांना 'झटका सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचा त्याबद्दल राग नव्हता. "म्हणू द्या," म्हणायचे, "निदान नाव तरी ध्यानात ऱ्हाईल."

झटका म्हणजे काय हे त्यांनी मला मी राहायला आले त्याच आठवड्यात समजावलं. ओट्यावर बसायचं असलं की आधी मोबाईल पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावायचं, असा तिथला नियम होता. डबा तेलाचा, आतून खोके आणि गोणपाट लावलेला. माझा फोन डब्यात गेल्यावर सर बोलायला लागले.

"अणुबाँब म्हटलं की लोकांना वाटतं, तो गावावर पडतो. पडतच न्हाय बाई! लई वर, इमानं उडतात त्याच्याबी लई वर फोडायचा. खाली आग न्हाय, धूर न्हाय, आवाज न्हाय. नुसती एक लाट येती. डोळ्याला दिसत न्हाय. पण जिथं तार हाय, जिथं चिप हाय, तिथं शिरती आन् आतल्या आत जाळती. लाईट गेली, फोन गेला, मोटार गेली, दवाखाना गेला. माणूस मात्र उभा तसा उभा."

"मग बरंच की," मी म्हणाले. "माणूस वाचला ना?"

"सगळी माणसं न्हाय वाचत," सर म्हणाले आणि स्वयंपाकघराकडं बघायला लागले. आत काकू भाकरी थापत होत्या.

काकूंच्या छातीत पेसमेकर होता. एकदा बाजारात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात बसवलेला. घरात त्याला 'मशीन' म्हणत. दोघांना मूलबाळ नव्हतं. शाळेतली पोरं हीच पोरं, ती कुठं कुठं पांगली. घरात काय ते ही दोघं आणि तिसरं हे मशीन. सरांचा सगळा झटका, सगळी बडबड, सगळे डबे त्या मशीनपाशी येऊन थांबत. झटका आला तर देशाचं काय होईल हे ते तावातावानं सांगत. काकूंचं काय होईल हे त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही.

ही भीती काही एका दिवसात घरात आली नव्हती. तिचं मूळ जळकोटच्या मैदानावर होतं. सर नोकरीत असताना एका उन्हाळ्याच्या तोंडाला खो-खोचा सामना चालला होता. आभाळ भरून आलं. सरांनी शिट्टी मारून सगळी पोरं व्हरांड्यात घेतली आणि मैदानाच्या कडेच्या झाडावर वीज पडली. पोराच्या केसालाही धक्का लागला नाही. पण ऑफिसात जाऊन बघतात तर फोन मेलेला, कॉम्प्युटर मेलेला, भिंतीवरची बेल मेलेली. "वीज पडली झाडावर, आन् मेलं ऑफिस! कुणी हात लावला न्हाय. पिनासुदिक काढलेल्या होत्या," असं ते सांगत. पिना खरंच काढल्या होत्या का हे सरांनाच ठाऊक. पण आमच्या भागात विजेनं दरवर्षी माणसं जातात, जनावरं जातात. विजेची गोष्ट कुणी हसण्यावारी नेत नाही.

मग काकूंना मशीन बसलं. डॉक्टरांनी बजावलं, मोबाईल छातीपासून लांब ठेवायचा, लोहचुंबकाजवळ जायचं नाही, वेल्डिंग चाललं असेल तिथं थांबायचं नाही. सरांनी विचारलं, "आन् शेजारी वीज पडली तर?" डॉक्टर हसले. सर मला म्हणाले, "हसला बाई तो. उत्तर न्हाय दिलं." त्या न दिलेल्या उत्तरात सरांनी पुढची वर्षं काढली. त्यातच कुणीतरी मोबाईलवर झटक्याचा एक व्हिडिओ पाठवला. हिंदीत बोलणारा एक पोरगा, मागं भारताचा नकाशा आणि नकाशावर लाल गोल. झालं! मैदानातली वीज, छातीतलं मशीन आणि आभाळातला बाँब यांची सरांच्या डोक्यात गाठ बसली ती बसली.

त्यांनी शाळेतल्यासारखा नकाशा आणून ओट्याच्या भिंतीला लावला. दोरीला पेन्सिल बांधून गोल काढायचे. नागपूरवर बोट ठेवून गोल, हैदराबादवर बोट ठेवून गोल, दिल्लीवर बोट ठेवून गोल. "कुटंबी टोक ठेवा बाई, आपण आतच." नकाशावर गोलांवर गोल चढले होते आणि त्या सगळ्यांच्या आत कुठंतरी आमचा धाराशिव जिल्हा.

हायवेवरच्या एका ढाबेवाल्यालाही त्यांनी गाठलं होतं. तुझा फ्रिज जाणार, तुझं बिलाचं मशीन जाणार, तुझी लायटिंग जाणार, करणार काय? तो म्हणाला, "सर, मागं चूल हाय की. तुमी या, भाकरी खा." सर इतके खूश झाले की घरी येऊन काकूंना म्हणाले, "आख्ख्या नळदुर्गात एकच माणूस जगणार हाय."

काकू म्हणाल्या, "मग त्याच्याकडंच जावा जेवाय."

सगळ्यात मोठं खूळ म्हणजे कोठी. आमच्याकडं ज्वारी, हरभरा ठेवायला घरोघर पत्र्याची कोठी असते. सरांनी गावातल्या पत्रेवाल्याकडून पुरुषभर उंचीची करून घेतली होती, पण तिला वर झाकणाचं तोंड नव्हतं, पत्रा सलग होता. बाजूला दार होतं आणि दाराला बाहेरून कडी. आत एक स्टूल. परसात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं, आणि त्या खड्ड्यात रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम काकूंचं. लाट आली की पत्र्यावरून घसरून जमिनीत जाणार आणि आतलं माणूस शाबूत राहणार. सांध्यांतून लाट शिरू नये म्हणून सगळे सांधे सरांनी स्वतः बुजवले होते.

आठवड्यातून एकदा कवायत व्हायची. सर अंगणात उभे राहून शिट्टी मारत. एक लांब, दोन आखूड. मग मी फोन डब्यात टाकायचा, सरांनी मेन स्वीच पाडायचा आणि काकूंनी हातातलं काम टाकून कोठीत जाऊन बसायचं. बाहेरून कडी. सर्व ठीक झालं असं सरांना वाटलं की एक लांब शिट्टी, मग कडी निघायची.

"म्या काय ज्वारी हाय का, कोठीत बसाय?" काकू म्हणायच्या. पण बसायच्या. बसायच्या आणि आत गेल्याबरोबर बहाणे सुरू करायच्या. "आवो, कुकर लागलाय!" "आवो, मुंगी चावली!" "आवो, लगवीला लागली!" सर दाराला पाठ लावून उभे आणि उत्तर ठरलेलं, "कवायतीत बोलायचं न्हाय." एकदा तर काकू आतून ओरडल्या, "आवो, विंचू!" सरांनी घाईनं दार उघडलं. विंचूबिंचू काही नव्हता. काकू हसत बाहेर आल्या आणि थेट दुधाकडं धावल्या. सर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून कोठीतून काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी एकदा काकूंना विचारलं, कशाला ऐकता त्यांचं? त्या हरभरा पाखडत होत्या. म्हणाल्या, "मला मरायचं भ्या न्हाय बाई. आज ना उद्या जायचंच हाय. पण ह्यांना माझ्यापायी भ्या वाटतं ना, त्याचं मला भ्या वाटतं. रातीला उठतात, माझ्या तोंडापुढं हात धरून बगतात. म्या जागी असते. झोपल्याचं सोंग करते. मग कोठीत बसले तर काय झिजले का?"

खरं सांगते, पुढं पुढं मलाही भीती वाटायला लागली. नाही नाही म्हणता त्यांची भीती माझ्या अंगात उतरली. वर्गात शिकवताना पंखा बंद पडला की माझं लक्ष खिडकीतून आभाळाकडं जायचं. स्वच्छ आभाळ असलं की जास्तच धडकी भरायची, कारण सर म्हणायचे, ढग असले तर वीज समजायची, ढग नसतील तर काय समजायचं? सोलापूरला एका नातेवाइकाला बघायला अतिदक्षता विभागात गेले, तर तिथली हिरवी-लाल दिव्यांची यंत्रं बघून मला घाम फुटला. ही सगळी एका क्षणात विझली तर? मी चावीचं घड्याळ विकत आणलं. सरांना दाखवलं नाही, पण त्यांनी ओळखलंच. त्या दिवशी काकूंनी मला वाटीभर जास्तीची आमटी दिली.

मग तो उन्हाळा आला. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली आणि टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजायला लागले. कुठल्या कुठल्या शहरांत दिवे घालवायची तालीम होणार अशा बातम्या. दोन्हीकडं अणुबाँब आहेत, हे टीव्हीवरचा माणूस क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगत होता. गावात लोक चहाच्या गाड्यावर उभे राहून शत्रूला चार तासांत संपवत होते. सर मात्र गप्प झाले. बोलणारा माणूस गप्प झाला की घर बदलतं. ते जेवताना उठून बाहेर जात, हायवेकडं कान देत, परत येऊन बसत. आठवड्याची कवायत रोजची झाली. काकूंचे बहाणेही कमी झाले होते.

त्याच दिवसांत काकू म्हणाल्या, कोठीचा पत्रा उन्हानं चटके देतोय. सरांनाही ते पटलं, पण वेगळ्या कारणानं. आतल्या माणसाचं अंग पत्र्याला लागता कामा नये, हे त्या व्हिडिओतल्या पोरानं सांगितलं होतं. वाट्यानं लावलेल्या शेतातून हरभऱ्याची पोती आलेली होती. सरांनी ती कोठीच्या आत पत्र्याला लागून चहूबाजूंनी उभी केली. मधे स्टूल. काकू बाजारात गेलेल्या, मी खोलीत. सगळं काम त्यांनी एकट्यानं केलं. काकू आल्यावर म्हणाले, "बग, गादी लावली तुला." त्यानंतर दोन दिवस कवायत झाली नाही. कुणीतरी वारलं म्हणून सर अणदूरला मातीला आणि तिसऱ्याला गेले होते.

ते परत आले त्या दुपारी मी माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला जायची पिशवी भरत होते. सुट्टी लागलेली. आभाळ कोरं, ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या आणि बोलणाऱ्याचा शब्द अर्धा तुटून टीव्ही बंद पडला. पंखा थांबला. त्यात काय, लाईट तर रोजच जाते. पण मी फोन बघितला तर रेंजची एक काडी नाही. तेवढ्यात शिट्टी आली. एक लांब, दोन आखूड. रोजच्या शिट्टीत सरांचा दम असायचा. ही शिट्टी थरथरत होती. मी धावत बाहेर आले.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फोन बगितला का?" "रेंज नाही." "माझ्याबी न्हाय. शेजारच्याच्याबी न्हाय. ढग न्हाय बाई, एक बी ढग न्हाय!" काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच एक शब्द न बोलता कोठीत शिरल्या. सरांनी कडी घातली आणि दाराला पाठ लावली. शिट्टी दातांत घट्ट धरलेली. मी फोन डब्यात टाकला.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "आवो, आत वास यायलाय."

सरांनी नुसती मान हलवली.

"आवो, लसणासारखा वास यायलाय. कुजक्या लसणासारखा. उघडा."

"लसूण कुठला आला आत?" सर दात न उघडता म्हणाले. "बस गप. आज खरं हाय."

"आवो, खरंच..." आणि खोकला. मग पत्र्यावर हाताचा धपका. तो खोकला बहाण्याचा नव्हता.

मी शेतकऱ्याची पोर. कुजक्या लसणाचा वास म्हणजे काय हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही. सुगी झाली की वडील हरभऱ्याच्या पोत्यांत भुंग्याच्या गोळ्या टाकायचे, त्या खोलीचं दार लिंपून टाकायचे आणि आई आम्हाला बखोटीला धरून लांब न्यायची. "तिकडं फिरकू नका, मराल." त्या गोळीचा वायू सुटतो. घरोघर ठाऊक असलेली गोष्ट. आणि सर तर जन्मभर दर सुगीला हेच करत आलेले.

"सर!" मी ओरडले. "पोत्यांत गोळ्या टाकल्यात का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. बोलायला गेले, पण तोंडात शिट्टी होती. शब्दाऐवजी शिट्टीतून बारीक, फाटकी हवा निघाली. हरभरा ठेवायचा म्हणजे गोळ्या टाकायच्या, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. डोकं सगळं आभाळात होतं. हातानं आपलं काम करून टाकलं आणि डोक्याला सांगितलंच नाही.

कडी मीच काढली. दार उघडताच तो वास भसकन तोंडावर आला; मघाच्या घाईत तो कुणाच्या नाकाला कळलाच नव्हता. काकू पोत्यावर कलंडल्या होत्या. मी श्वास धरून त्यांचं बखोट धरलं, सरांनी पाय धरले. लिंबाखाली आणून टाकलं. त्या ओकल्या. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. हात गार पडलेला. मी डब्यातून फोन काढला. रेंज नाहीच.

"गाडी बघा सर! कुणाची तरी गाडी बघा!"

आणि हा माणूस, ज्यानं इतकी वर्षं फक्त ह्याच दिवसाची तयारी केली होती, तो मातीत फतकल मारून बसला. "कुटली गाडी बाई," म्हणाला. "सगळं खलास झालंय. गाडी चालायची न्हाय, दवाखाना चालायचा न्हाय. तिचं मशीन बी..." त्यांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. वाटलं, खरंच असेल. खरंच सगळं गेलं असेल, आणि आपण तिघं ह्या लिंबाखाली बघत बसणार.

तेवढ्यात हायवेवर हॉर्न वाजला. लांब, दोन सुरांचा, ट्रकचा हॉर्न. मग घरघर. ती बंद कधी पडलीच नव्हती. आमचेच कान बंद झाले होते.

"ट्रक!" मी सरांचा खांदा धरून गदागदा हलवला. "सर, ट्रक चाललेत! आयकायलाव का? तुम्हीच म्हणायचात ना, आवाज चालू हाय तवर काही झालं नाही? आयका!"

सरांनी मान वर केली. ऐकलं. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मला पुन्हा ऐकायचा नाही. मग ते उठले आणि अनवाणी, त्या तापलेल्या मातीतून, रस्त्याकडं धावत सुटले. टमाटे सोलापूरला पोचवून रिकामा परत येणारा एक टेम्पो त्यांनी रस्त्यात आडवं होऊन थांबवला. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, पण दारात येऊन काकूंना बघितल्यावर टेम्पो सोलापूरकडं उलटा फिरवला. वाटभर सर समोरच्या काट्यांकडं बघत होते. किती वेगानं चाललोय ते दाखवणारा काटा हलत होता.

लाईट गेली होती ती कुठल्यातरी सबस्टेशनला आग लागून. मोबाईलच्या टॉवरचा जनरेटर डिझेलअभावी बंद. इतकं साधं होतं सगळं.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "गोळ्या कधी खाल्ल्या?" आमच्या भागात जीव द्यायला लोक ह्याच गोळ्या खातात, त्यामुळं त्यांचं नाव घेतलं की डॉक्टर दुसरं काही विचारत नाहीत. खाल्ल्या नाहीत, वास लागला, हे मी सांगितलं. मग पोलिसाला बोलावणं गेलं, कारण तसा नियम आहे. हवालदार आला. त्यानं सरांना बाकावर बसवून विचारलं, "मालक, बाई कोठीत कशा गेल्या?"

सर म्हणाले, "म्या कोंडलं."

"काय?"

"म्याच कोंडलं. बाहेरून कडी घातली. आतून ती सांगायली होती वास येतोय म्हणून. म्या उघडलं न्हाय."

हवालदाराची लेखणी थांबली. "कशापायी?"

सरांनी बोट वर केलं. वर पंखा फिरत होता. हवालदारानं पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. काय सांगणार? आभाळातल्या लाटेपासून वाचवायला बायकोला विषात कोंडलं, हे कुठल्या कलमात बसतं? मला दिसत होतं की हा माणूस आता आत जाणार, आणि जायला तो तयारच होता.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलता यायला लागल्यावर हवालदार त्यांच्या खाटेशी गेला. नाकात नळी, ओठ सुकलेले, छातीवर तारा चिकटवलेल्या. डॉक्टर म्हणाले होते की नुसत्या हृदयाला हा मार झेपला नसता, मशीननं ठोका धरून ठेवला. हवालदारानं विचारलं, "मावशी, तुमाला कोठीत कुणी कोंडलं?"

काकूंनी सरांकडं बघितलं. सर दारात खाली मान घालून उभे होते. गळ्यात शिट्टी नव्हती.

"कोण कोंडतंय?" काकू म्हणाल्या. आवाज असा की कान जवळ न्यावा लागत होता. "हरभरा काढाय गेले होते साहेब. वाऱ्यानं दार लागलं."

"आवो मावशी, कडी बाहेरून होती म्हणतात."

"जुनी कडी हाय. आपुन पडती." आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "कुकर लागला होता ना माझा. त्या गडबडीत."

इतकी वर्षं त्यांनी कोठीतून सुटायला बहाणे केले, ते विंचवानंतर कुणी खरे मानले नाहीत. हा मात्र हवालदारानं लिहून घेतला. सर दारातच भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मीही रडले. लाज कसली त्यात.

काकू घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. कोठी सरांनी परसात आडवी पाडली, दार उपटून टाकलं. पुढं तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. नकाशा उतरला. डबे गेले. मी फोन घेऊन ओट्यावर बसले तरी सर काही म्हणेनात. पोरं रस्त्यानं 'झटका, झटका' ओरडत गेली तरी त्यांचं लक्ष नसे. त्यांची भीती गेली असं मला वाटलं, आणि तसं मी काकूंना बोललेही. काकू म्हणाल्या, "जाती कुटं? आधी वर बगत होते, आता सोताच्या हाताकडं बगतात. जेवाय बसले तरी हात उलटासुलटा करून बगतात. ह्या हातानं अजून काय केलंय, म्हणतात."

माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा तिन्हीसांजेची वेळ होती आणि लाईट गेलेली. दोघं ओट्यावर बसले होते. कंदील लावलेला. काकूंचा डावा हात सरांच्या मांडीवर, आणि सरांची दोन बोटं त्यांच्या मनगटाच्या नाडीवर. सर ओठांतल्या ओठांत मोजत होते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मैदानावर पोरांना मोजून देत तसंच, फक्त आवाज नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर काकूंनी ओठावर बोट ठेवलं. "हळू," म्हणाल्या. "मोजायलेत. लाईट गेली की असंच करतात. येईपर्यंत सोडत न्हाईत."

मी बसून राहिले. हायवेवर ट्रक चालले होते, एकामागं एक, आवाज स्पष्ट येत होता. मला राहवलं नाही. धीर द्यावा म्हणून म्हणाले, "सर, ट्रक चालू आहेत बघा. काही झालेलं नाही."

"ट्रकचं काय करू बाई," सर म्हणाले. "हे चालू हाय का तेवढं सांगा."

बोलले आणि त्यांचा आकडा चुकला. चेहऱ्यावरचा रंग उडाला, बोटं मनगटावर इकडंतिकडं चाचपडायला लागली. काकूंनी दुसऱ्या हातानं त्यांची बोटं धरली, नाडीवर नेमकी आणून ठेवली आणि स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, "एक." सरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.